कपाळानं ऐकायचं घर

लेमुय बेट, २० जानेवारी

लिझार्दो, बाळा,

आधी हात धू, मग उघड. मागच्या वर्षी तू जे मोजे परत पाठवलेस, त्यांना तुझ्या मासळीच्या कारखान्याचा असा वास होता की मांजर त्यांना सोडायलाच तयार नव्हतं. ते तुझ्या लेकीनं, यास्नानं विणलेत हे तुला कुणी सांगितलं देव जाणे. मी नव्हतं सांगितलं. असो, मांजराचा हिवाळा मजेत गेला.

फोनवर तुला ऐकू यायचं नाही, लेकीचे मेसेज तू उघडत नाहीस, तेव्हा उरला हा कागद. तुझ्या पुंता अरेनासला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर आपल्या शेजारच्या ओतिलियाचा भाचा आहे. त्याला बजावलंय, पत्र लिझार्दोच्या हातातच द्यायचं आणि त्यानं वाचेपर्यंत समोर उभं राहायचं. तो म्हणाला, बाई, तेवढ्यात माझी बस निघेल. मी म्हटलं, मेल्या, तूच ड्रायव्हर, तुझ्याशिवाय कशी निघेल?

तर सांगायचं ते हे की यास्ना आलीय. तोंड वाकडं करू नकोस, पुढं वाच. वालपाराइसोहून इतक्या पेट्या घेऊन आली की ओतिलियाला वाटलं पोरीनं लग्न केलं आणि नवरा कुठल्या तरी पेटीत आहे. नवरा नाही, रेनाता नावाची मैत्रीण आहे. ती नाचते. म्हणजे मी नाच म्हणते, पण ती नुसती जमिनीवर हळूहळू लोळते, आणि त्याला शहरात लोक तिकीट काढून येतात. मांस खात नाही. चुलीवर धुराला टांगलेला डुकराचा पाय बघून अशी उभी राहिली, जसा आम्ही कुणी नातेवाईकच लटकवलाय. पण पोरगी गुणाची. भांडी घासते.

पेट्यांत काय, तर बिस्किटाएवढ्या चकत्या आणि वायरींची भेंडोळी. त्या चकत्या पोरींनी घरभर चिकटवल्या. भिंतींना, तक्तपोशीला, आढ्याला, जमिनीखालच्या ओंडक्यांनासुद्धा. निम्म्या चकत्या ऐकणाऱ्या, निम्म्या बोलणाऱ्या. ऐकणाऱ्या लाकडाच्या पोटात काय चाललंय ते ऐकतात आणि यास्नाच्या यंत्राला सांगतात. यंत्र ते ताणतं, घट्ट करतं, चुलीवरच्या रश्शासारखं आटवतं, आणि बोलणाऱ्या चकत्या ते परत लाकडात सोडतात. खोलीत उभं राहिलं तर फारसं काही नाही, गोठ्यात गाय घोरावी तेवढं. यास्ना म्हणाली, आजी, कान विसर, कपाळ टेकव.

मी कपाळ टेकवलं भिंतीला. अरे लिझार्दो! माझी चूल. पण मी चुलीसमोर नव्हते, चुलीच्या आत होते. मग वारा, छपराच्या एकेका फळीवरून चालत येणारा. मग काहीतरी खोल, दातांत उतरणारं, छातीच्या फासळ्यांत घुमणारं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, हा समुद्राचा तळ. होडीतून तिनं पाण्यात ऐकणारं यंत्र सोडलं होतं, तू जिथं शिंपल्यांसाठी बुड्या मारायचास त्याच जागी. मी विचारलं, कानात काहीच नाही आलं, तरी मला सगळं कसं कळलं? म्हणाली, आजी, हाडं ऐकतात. ज्याचे कान गेलेत त्यालाही हे तुझ्याइतकंच ऐकू येईल, कदाचित जास्तच.

हे सगळं कुणासाठी केलंय ते तुला सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातलीय. म्हणून मी सांगत नाही. तू हुशार आहेस.

आणि ऐक, या वयात मी कलाकार झालेय. तांब्याची केसासारखी तार लोकरीबरोबर घालून घोंगडी विणतेय. पूर्ण झाली की तिच्यावरून हात फिरवला की घर गुरगुरणार. यास्नाच्या कागदावर छापलंय, एदेल्मिरा चिगुआय, विणकर. ओतिलियाला दाखवलं. ती म्हणाली, माझ्या डुकरांनाही हात फिरवला की गुरगुरतात, माझं नाव कुठंय?

बटाटे यंदा कमी आहेत. समुद्राकडचा वाफा लावला नाही.

थंडीत कानटोपी घाल. कान ऐकत नसले तरी गारठतात.

तुझी म्हातारी


लेमुय, ९ फेब्रुवारी

लिझार्दो,

वाफा लावला नाही असं मी लिहिलं ना, ते काही खरं नव्हे. वाफा होता, तो कड्याबरोबर समुद्रात गेला. बटाटे लावलेले होते. आता मासे खातायत.

तेव्हा लिहिलं नाही, कारण पहिलंच पत्र गोड असावं. आता सांगते. कडा घराकडे सरकतोय. मागच्या उधाणानंतर मागच्या खिडकीतून बघितलं तर अंगण लहान दिसायला लागलं होतं, जसं धुतल्यावर लोकरीचं कापड आटतं तसं. मार्चच्या अखेरीला वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण येईल, ते तुला मी काय सांगू. त्याआधी अख्खं लाकडी घर ओंडक्यांवर चढवून, दोरांनी ओढत वर सफरचंदांच्या बागेत न्यायला हवं. नाहीतर घर, चूल, चकत्या, माझी घोंगडी, सगळं खाली.

यास्ना म्हणाली, आजी, घाबरू नकोस, घर ओढू या आणि ओढताना तेच आपलं काम करू. घर चालतंय, कण्हतंय, आणि आत जमिनीवर पडून माणूस ते अंगभर ऐकतोय. असं कुणी कधी केलं नाही. तिचे डोळे असे चमकत होते की मला क्षणभर वाटलं, हा कडा ढासळतोय ते बरंच झालं.

पण पोरीनं काय केलं बघ. एक सुंदर पोस्टर केलं. आमचं घर, त्यातून लाटा निघतायत, खाली मोठ्या अक्षरांत, घर ओढायला सर्वांना आमंत्रण. ते तिनं दुकानाला चिकटवलं, चर्चच्या फाटकाला, होडीच्या धक्क्याला. सगळ्यांच्या फोनवर पाठवलं. रविवारी मी मोठ्या पातेल्यात रस्सा केला, बटाट्याचे मिलकाव तळले, दोर काढून उन्हात टाकले.

कुणी आलं नाही. कुत्रं आलं, तेही रेनाताच्या ताटाशी बसलं, कारण तिनं मांस बाजूला काढलं होतं.

संध्याकाळी ओतिलिया आली, दारातच उभी राहिली. म्हणाली, "एदेल्मिरा, भिंतीला चिकटवलेलं आमंत्रण भिंतीला असतं. सांग भिंतींना घर ओढायला."

यास्ना म्हणाली, पण मावशी, सर्वांना म्हणून लिहिलंय की. तर ओतिलिया म्हणते, सर्वांना म्हणजे कुणालाच नाही. माझ्या दारात कुणी आलं नाही, माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत बघून कुणी मागितलं नाही. न मागता कसे येऊ? आम्ही काय वाट चुकलेली मेंढरं आहोत?

पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिला माहीत नव्हतं असं नाही रे. लहानपणी तिनं किती घरं चालताना बघितली. पण दोर धरण्याआधीची विनवणी तिनं बघितलेली नाही. ते काम घरच्या मोठ्याचं. दारोदार जायचं, टोपी काढायची, शब्द उच्चारायचे, आणि समोरच्यानं हो म्हणून खुर्ची पुढं केली की बसायचं. तुझे वडील जायचे, मग तू जायचास. पोरगी घर ओढायला शिकली, मागायला शिकवायला कुणी उरलंच नव्हतं.

आणि त्यात गावात कुजबूज. संध्याकाळी आमच्या घरातून खोल आवाज जातो तो धक्क्यापर्यंत पोचतो म्हणे, आणि म्हातारे म्हणतात, ते गाणी वाजवत फिरणारं भुतांचं जहाज एदेल्मिराच्या परसात लागलंय. मी म्हटलं, लागू दे, त्यावर तरणे खलाशी असतात म्हणतात.

तर आता मी आणि यास्ना विनवणीला निघालोय. पायांना लोकर बांधून. ती शब्द पाठ करतेय. शब्द म्हणताना तिचा आवाज अगदी तुझ्यासारखा होतो. तुला कसं कळणार, तुझा आवाज तू कधीचा ऐकलेला नाहीस.

घर सोडून जातानाचे तुझे शब्द मात्र तिला पाठ आहेत. म्हणाला होतास, "माझे कान गेले आणि ही आवाजांचे खेळ करते, पोरीनं बापाच्या जखमेवर दुकान मांडलं." ते वाक्य ती कधी बोलत नाही. मलाच आठवतं.

आई


लेमुय, २७ फेब्रुवारी

लिझार्दो,

आज चेष्टा कमी. कागद पण कमी आहे.

दारोदार फिरलो. सगळे हो म्हणाले. खुर्च्या मिळाल्या, नळीनं ओढायचा कडू माते चहा मिळाला, ओतिलियानं तर अशी खुर्ची पुढं केली जशी मी बिशप. तिचा नवरा ओरडा द्यायला तयार झाला, म्हणजे ज्याच्या हाकेवर सगळे एकदम ओढतात तो. सोळा मार्चचा शनिवार ठरला. दोर झाले, माणसं झाली.

बैल नाहीत.

ट्रॅक्टरवाले दोघं बघून गेले. म्हणाले, बागेखालच्या त्या भिजलेल्या उतारावर चाक रुतेल आणि घर अर्ध्यावर उभं राहील. बैलच हवेत, आणि त्या उताराचे, ओझ्याचे, माणसांच्या ओरड्याचे शिकवलेले बैल आता एकाकडेच आहेत. कुणाकडे ते मी लिहिलं नाही तरी तुला कळलं. तरी लिहिते. बेलार्मिनो.

गेलो त्याच्या दारात. यास्नानं टोपी काढली, शब्द म्हणाली, एकही चुकला नाही. त्यानं ऐकून घेतलं. खुर्ची पुढं केली नाही. म्हणाला,

"पोरी, तू छान मागितलंस. पण घर लिझार्दोचं आहे. त्याच्या बापानं मरताना माझ्यासमोर सांगितलंय. ज्याचं घर त्यानं मागावं."

मी म्हटलं, बेलार्मिनो, तो तिकडं देशाच्या टोकाला, मी त्याची आई, मी मागतेय. तर म्हणतो, काकू, तुमच्यासाठी मी जीव देईन, लाकडं फोडून देईन, मेंढी कापून देईन. बैल देणार नाही. तो मागेल तेव्हाच देईन. आणि आत गेला. रागानं नाही गेला रे. रागानं गेला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

मला वाटतं तो तू नुसते बैल मागण्याची वाट बघत नाही. मागणं म्हणजे काय ते आपल्याकडं कुणाला सांगावं लागतं का? ज्याच्याशी आपलं तोंड वाकडं आहे, त्याच्या दारात जाऊन विनवणी केली की ते तोंड सरळ झालं असं सगळ्या बेटानं धरायचं. हे तुला माहीत आहे, त्याला माहीत आहे. म्हणून तो मागतोय की तू माग.

त्या दिवसाबद्दल मी कधी कुणाची बाजू घेतली नाही, आजही घेत नाही. होडीवर बेलार्मिनो होता, तुला हवा देणारा कॉम्प्रेसर बंद पडला, खाली तुझ्या नळीत हवा थांबली. त्यानं तुला दोरानं एकदम वर ओढलं. हळू ओढलं असतं तर कान राहिले असते, तू राहिला असतास का ते देवाला ठाऊक. तू म्हणतोस त्यानं कान घेतले. लोक म्हणतात त्यानं जीव दिला. त्यानं स्वतः काहीच कधी म्हटलं नाही, हेच मला सलतं.

परवा काय झालं ते सांगते. तो आमच्या घरी आला. बैल देणार नाही हे पुन्हा सांगायला आला, म्हणजे बघ किती अस्वस्थ आहे. यास्ना म्हणाली, काका, आलाच आहात तर भिंतीला कपाळ टेकवा. टेकवलं. तिनं तो समुद्राचा तळ लावला. पाण्याखालची वाळू, शिंपल्यांची टकटक, आणि वरून नळीतून उतरणारा कॉम्प्रेसरचा ठोका, धप धप धप. मग तिनं तो ठोका थांबवला. बाकी सगळं तसंच, नुसता ठोका नाही.

तो माणूस आयुष्यभर होडीवर उभा राहिला, खाली काय असतं ते त्यानं कधी ऐकलं नव्हतं. भिंतीपासून कपाळ काढायला त्याला वेळ लागला. टोपी विसरून गेला. टोपी अजून माझ्याकडे आहे.

मला वाटलं आता देईल बैल. नाही. दुसऱ्या दिवशी ओतिलियाच्या नवऱ्याला म्हणाला, आता तर अजिबात नाही, आता तर त्यानंच यायला हवं.

कोंबड्यांचं खुराडं गेलं काल. कोंबड्या वाचल्या, त्या माझ्या पलंगाखाली आहेत.

लिझार्दो, माझ्या घरी येऊ नकोस हवं तर. लेकीशी बोलू नकोस हवं तर. त्याच्या दारात ये, शब्द म्हण आणि परतीची बस धर. शनिवार, सोळा मार्च. त्याआधी.

आई


लेमुय, १० मार्च

लिझार्दो,

ओतिलियाचा भाचा म्हणतो पत्रं तुझ्या हातात दिली. तू उभ्यानं वाचलीस, घडी घातलीस, खिशात ठेवलीस, आणि म्हणालास, बस निघेल तुझी. बस निघाली.

कुंपण गेलं. मागच्या दाराला आम्ही आडवी फळी ठोकलीय, नाहीतर झोपेत कुणी बाहेर पाऊल टाकेल. यास्नानं कड्याच्या जमिनीत एक लोखंडी सळई रोवलीय, तिच्यावर ऐकणारी चकती लावलीय आणि हेडफोन घालून बसते. विचारलं, काय ऐकतेस? म्हणाली, माती तुटताना आधी आतून चरचरते, मग गप्प होते. गप्प झाली की आजी तू बाहेर पळायचं. तेव्हापासून सगळे दिवस हेच. आम्ही जेवतो, ती ऐकते. रेनाता तिच्या तोंडात घास घालते. एकदा माती गप्प झाली, आम्ही तिघी आणि कोंबड्या बागेत जाऊन उभ्या राहिलो. काही पडलं नाही. परत आलो. मला हसू आलं आणि पोरींना रडू.

काल भांडण झालं. सांगते, कारण दुसरं कुणाला सांगू. यास्ना म्हणाली, आजी, शनिवारी बैल आले नाहीत तर आपण सामान काढू, तुला ओतिलियाकडे नेऊ, आणि चकत्या घरातच ठेवू. घर पडताना जो आवाज लाकडातून येईल, तो मी धरीन. निदान तेवढं राहील.

मी तिच्या हातातला कप काढून घेतला. म्हटलं, "माझ्या घराच्या मरणाचं गाणं करायचं नाही. या घरात तुझा बाप जन्मला. तुला गाणं हवं तर घर जिवंत ठेव."

मग ती म्हणाली, आजी, मी हे शिकले ते कशासाठी असं वाटतं तुला? लहान असताना बाबांच्या पाठीवर कान ठेवायचे मी. ते बोलायचे ते मला पाठीतून ऐकू यायचं, शब्द नाही, नुसती घुमणी. त्यांचे कान गेल्यावर मला वाटलं, उलटं पण होत असेल. एवढंच. त्यांना वाटलं मी त्यांना चिडवतेय.

हे सांगायचं नाही अशी शपथ होती. मोडली. चर्चमधल्या येशू नाझरेनोला मेणबत्ती लावीन.

शनिवारी सगळे येणार आहेत, बैल असोत नसोत. मी रस्सा करतेय. खड्ड्यात दगड तापवायचे आहेत, त्यांवर कुरांतो शिजायला लावायचाय, शिंपले ओतिलिया देतेय. उपाशी माणसांसमोर माझं घर पडलं अशी बदनामी नको.

ये.


लेमुय, वरच्या बागेतून, १७ मार्च

लिझार्दो,

तू समोर बसून मिलकाव खातोयस आणि मी टेबलाच्या या बाजूला बसून तुला पत्र लिहितेय. बघतोस काय असा? खा. माझ्या ओठांवरून वाचताना तू निम्मं चुकतोस आणि चुकलेलं कबूल करत नाहीस. म्हणून हे लिहून देते. यास्नाच्या पोस्टरची मागची बाजू कोरी होती, ती कामी आली.

काल जे झालं त्यातलं निम्मं तुला माहीत नाही. तू घराच्या आत होतास, जमिनीवर पालथा, हात पसरून, गाल फळ्यांना लावून. यास्नानं तुला आत ठेवलं आणि तू एका शब्दानं नाही म्हणाला नाहीस, हे बघून ओतिलियानं छातीवर क्रुसाची खूण केली. आत काय झालं ते मला विचारायचं नाही. माझी घोंगडी तू अंगाखाली घेतली होतीस एवढं मला खिडकीतून दिसलं. बाहेरचं मी सांगते.

ओतिलियाच्या नवऱ्यानं ओरडा दिला, दोर ताणले, बैल खाली वाकले, आणि माझं घर चाललं. आधी एक पाऊल, मग लहान पोरासारखं भराभर. बायका नाचत मागून. मी पण. यास्ना बाजूनं चालत होती, हेडफोन घालून, यंत्र छातीशी धरून. माणसं हसत होती तिला, की बघा, डॉक्टरीण घराची नाडी बघतेय.

भिजल्या उतारावर आलो. तिथं थांबलं तर घर मागं घसरतं हे सगळ्यांना माहीत. ओतिलियाचा नवरा घसा फाडून ओरडत होता, थांबू नका, थांबू नका. आणि यास्नानं हात वर केला. थांबा म्हणाली. कुणी ऐकेना. पुन्हा ओरडली, डावा ओंडका तुटतोय. एकजण म्हणाला, पोरी, हे काय तुझं वाद्य आहे का, बाजूला हो. खाली समुद्र, दोर तडतडतायत.

तेव्हा ती बैलांच्या पुढं पळाली. बेलार्मिनो शिंगांपाशी होता. त्याला म्हणाली, "काका, बाबा सांगतायत थांबा. आत्ता बोलले ते. मला लाकडातून ऐकू आलं."

तू आत बोललास, बाळा. कुणाला ऐकू जाईल असं वाटून बोलला नसशील. पण तुझ्या गालाखाली चकती होती. पोरगी म्हणते, आधी सगळी कण्हणी, किरकिर, तुझा श्वास, आणि मग एकदम तुझा आवाज, यास्ना, थांबव, डावीकडचा जातोय. तिचं नाव घेऊन. तू गेल्यापासून तुझ्या तोंडून तिनं स्वतःचं नाव ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते असं, उतारावर, सगळ्यांच्या शिव्या खात. तिनं ते जपून ठेवलंय की पुसलंय, मी विचारलं नाही.

बेलार्मिनोनं क्षणभरही विचार केला नाही. बैलांच्या कपाळांवर हात ठेवले. सगळे बैल एकदम उभे. दोर ढिले होऊ दिले नाहीत, नुसता ताण धरून ठेवला, आणि माणसांनी मागं ओंडके, दगड, कुणी तर स्वतःचा खांदा लावला. वाकून बघितलं तर डावा ओंडका निम्म्यातून फाटलेला. आणखी एक ओढ आणि घर कुशीवर पडलं असतं, तुझ्यासकट. नवा ओंडका घातला, पुन्हा ओढलं. पुढचं तुला माहीत आहे. कुरांतो गार झाला तरी सगळ्यांनी खाल्ला. रेनातानं शिंपले खाल्ले, म्हणाली, शिंपल्यांना तोंड नसतं, चालतं.

आता दुसरं. हे परवा सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तू रडला असतास, आणि रडणाऱ्या माणसाला घर ओढायला नेऊ नये.

परवा शुक्रवारी तू होडीतून उतरलास तो माझ्याकडे न येता सरळ त्याच्या दारात गेलास. मी मागून धावत आले, म्हातारीला किती पळवशील. तू टोपी काढलीस, शब्द म्हणालास. फार मोठ्यानं म्हणालास, तुला कळत नाही, शेजारची कुत्री भुंकायला लागली. बेलार्मिनोनं मान हलवली, खुर्ची पुढं केली, आणि तोंड फिरवून गोठ्याकडे बघत राहिला. तुला वाटलं त्याला तुझ्याकडे बघायचंच नाही. तू खुर्चीवर बसलास तो असा, जसा दंतवैद्याकडे.

तो गप्प नव्हता, लिझार्दो. तो बोलत होता. तोंड गोठ्याकडे होतं म्हणून तुला दिसलं नाही. कुत्र्यांच्या भुंकण्यात मी ऐकलं, आणि घरी येईपर्यंत मनात म्हणत आले, विसरायला नको म्हणून. तो म्हणाला,

"बैल आता कोण ठेवतं? सगळे मला हसतात. एक जोडी म्हातारी झाली की मी दुसरी शिकवली, ती म्हातारी झाली की तिसरी. त्या उतारावर रिकामं जू घेऊन चालवायचो त्यांना. म्हटलं, कडा आज ना उद्या त्याच्या घरापर्यंत येईल, आणि तो मागायला येईल तेव्हा माझ्याकडे काहीतरी असायला हवं."

एवढंच म्हणाला. मग नाक शिंकरलं आणि म्हणाला, काकू, बसा तुम्ही पण.

तो आता खाली ओढ्यापाशी बैल धुतोय, मला खिडकीतून दिसतोय. यास्ना त्याच्या बाजूला उभी आहे, एका बैलाच्या पोटावर चकती लावायचा प्रयत्न करतेय आणि बैल ऐकत नाहीये. तिघांनाही एक माणूस कमी पडतोय.

मिलकाव संपव आणि जा. बोलायचं काही नाही. बादली घेऊन जा, त्याची फुटकी आहे.